चारशे पट म्हणजे किती?

रॉबर्ट हूक यांचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ १६६५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. बुचाच्या पातळ कापात त्यांना दिसलेल्या कप्प्यांचे चित्र आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना चांगले परिचयाचे आहे. त्याच ग्रंथात हूक यांनी मांडलेला हिशेब मात्र वर्गापर्यंत सहसा पोहोचत नाही. इंचाच्या अठराव्या भागात एका रांगेत किती कप्पे बसतात, हे त्यांनी मोजले. साधारण साठ भरले. म्हणजे एका इंचात १०८०, चौरस इंचात ११,६६,४०० आणि घन इंचात १,२५,९७,१२,०००. शेवटचे दोन आकडे त्यांनी ढोबळ न करता जसेच्या तसे छापले. त्यांच्या मोजणीवरून एका कप्प्याची रुंदी आजच्या मापात सुमारे २३.५ मायक्रोमीटर येते. पेशीला नाव मिळाले त्याच पानांवर तिचे मापही आले होते, आणि आम्हाला ही गोष्ट नावाइतकीच मोलाची वाटते.

हूक हे मोजत कसे होते? ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली पद्धत सांगितली आहे. एक डोळा सूक्ष्मदर्शकाला लावायचा, दुसरा उघडाच ठेवायचा आणि उपकरणाच्या बैठकीवर इंच व त्याचे बारीक भाग आखलेली पट्टी ठेवायची. एका डोळ्याला मोठी झालेली वस्तू दिसते, दुसऱ्याला पट्टी. थोड्या सरावाने दोन्ही दृश्ये एकावर एक बसतात आणि वस्तू पट्टीवर किती जागा व्यापते ते वाचता येते. त्या लांबीला वस्तूच्या खऱ्या लांबीने भागले की विशालन मिळते. प्रतिमेचे माप भागिले वस्तूचे माप: शाळेत आजही शिकवले जाणारे सूत्र ते हेच. फरक एवढाच की हूक यांनी ते डोळ्यांनी आणि पट्टीने पडताळून पाहिले होते.

डेल्फ्टचे कापडव्यापारी अँटनी लेव्हेनहूक यांची अडचण वेगळी होती. एकाच इवल्या भिंगाच्या त्यांच्या उपकरणांपैकी उत्रेख्त येथे जपलेले एक सुमारे २७० पट मोठे दाखवते. त्यातून दिसणाऱ्या जीवांसाठी मापाचे एककच त्या काळी नव्हते. म्हणून वाळूचा कण, केस, उवेचा डोळा यांच्याशी तुलना करत त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला आपली पत्रे लिहिली. ती मोजपट्टी ओबडधोबड खरी, पण तिच्यामुळे लंडनच्या वाचकाला आकाराचा काही तरी अंदाज येत होता. पाण्यातल्या त्या जीवांची खातरजमा पुढे १६७७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे करून दाखवली ती हूक यांनीच.

पुढच्या दीडशे वर्षांत भिंगे सुधारली, रंगांच्या कडा गेल्या आणि १८३८-३९ मध्ये श्लायडेन व श्वान यांनी पेशीसिद्धान्त मांडला. मग १८७३ मध्ये येना येथे अर्न्स्ट आबे यांनी या वाटेवरची सीमा दाखवून दिली. प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे, साधारण ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू प्रकाशाच्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शकातून वेगळे दिसूच शकत नाहीत. उत्तमातल्या उत्तम वस्तुभिंगालाही हजार ते चौदाशे पटींच्या पुढे नवे काही दाखवता येत नाही. प्रतिमा फुगते, तपशील तेवढाच राहतो. बाजारात खोक्यांवर ‘२००० पट’ असे ठळक छापलेले असते. शाळेसाठी खरेदी करणाऱ्यांनी आबेंचा हा निष्कर्ष लक्षात ठेवायला हवा.

विशालनाचा आकडा केवळ परीक्षेपुरता नाही, हे पाहायचे तर क्षयरोगाच्या थुंकी तपासणीकडे पाहावे. झील-नील्सन पद्धतीने रंगवलेली स्लाइड १०० पटींच्या ऑइल इमर्शन वस्तुभिंगाखाली, म्हणजे एकूण १००० पटींवर बघतात. शंभर दृष्टिक्षेत्रांत १० ते ९९ जंतू दिसले तर ‘एक प्लस’. प्रत्येक क्षेत्रात सरासरी दहाहून अधिक दिसले तर ‘तीन प्लस’. एका क्षेत्रात स्लाइडचा किती भाग मावतो हे ठरलेले आहे, म्हणूनच या प्रतवारीला अर्थ आहे. एलईडी फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकावर विशालन कमी असते आणि क्षेत्र मोठे, त्यामुळे तिथे प्रतवारीचे कोष्टकही वेगळे लागते. हे गणित लॅब टेक्निशियनच्या रोजच्या कामात आहे, आणि ते चुकले तर रुग्णाचा अहवाल चुकतो.

शाळेतल्या जर्नलमध्ये मात्र कांद्याच्या पापुद्र्याची आकृती काढून खाली ‘४००×’ लिहिण्याची सवय आहे. नेत्रिका दहाची, वस्तुभिंग चाळीसचे, गुणाकार चारशे. गुणाकार बरोबर आहे, पण तो आकडा उपकरणाचा आहे. कागदावरच्या आकृतीला तो लागू होत नाही. चारशे पटींवर सुमारे ०.४५ मिलिमीटरचे क्षेत्र दिसत असेल आणि मुलीने ते ९ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात काढले असेल, तर तिची आकृती २०० पट आहे. तीच आकृती मोबाइलवर फोटो काढून पाठवली, फळ्यावर प्रोजेक्टरने दाखवली, की दोनशेही उरत नाहीत. आकृतीत मापरेषा, म्हणजे ठरावीक खरी लांबी दाखवणारी रेघ, काढली असेल, तर ती मात्र चित्राबरोबरच लहानमोठी होते आणि पेशीचे खरे माप शाबूत राहते. शोधनिबंधांतल्या सूक्ष्मचित्रांवर मापरेषा देतात ती याचसाठी.

शाळेत हे करायला खर्च लागत नाही. चार पटींच्या वस्तुभिंगाखाली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ठेवली की क्षेत्राचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजता येतो. तो साडेचार भरला, तर दहा पटींच्या वस्तुभिंगाखाली १.८ मिलिमीटरचे क्षेत्र दिसणार. तिथे कांद्याच्या सहा पेशी लांबीच्या दिशेने बसल्या, तर एक पेशी ०.३ मिलिमीटर, म्हणजे ३०० मायक्रोमीटर. हूक यांच्या बुचातल्या कप्प्याच्या जवळजवळ तेरापट! नववी-दहावीच्या कोणत्याही मुलाला हे एका तासिकेत जमेल. प्रॅक्टिकलच्या गुणांपैकी काही गुण या मापाला ठेवावेत आणि मापरेषा नसलेली आकृती अपुरी धरावी, अशी आमची मागणी आहे.