शेंकडा कशाचा?

रसायनशास्त्राच्या पुस्तकांत ‘शेंकडा अमुक’ असें दिसलें कीं विद्यार्थी लागलीच गुणाकारास लागतो. शेंकडा कशाचा, हें मात्र तो विचारीत नाहीं. आणि सारें उत्तर तर त्या प्रश्नांतच असतें.

प्रथम संज्ञा पाहूं. द्राव्य, द्रावक व द्रावण हे तिन्ही शब्द ‘द्रु’ ह्या एकाच धातूपासून निघाले आहेत. जें विरघळतें तें द्राव्य, ज्यांत विरघळतें तें द्रावक, आणि दोहोंच्या मिलाफानें होतें तें द्रावण.

समजा, कैऱ्या मुरविण्यासाठीं वजनानें शेंकडा १० मिठाचें पाणी केलें. म्हणजे त्या द्रावणाच्या १०० ग्रॅममध्यें १० ग्रॅम मीठ व ९० ग्रॅम पाणी. परंतु घरांत आपण मोजतों तें भांड्यानें. मग एक लिटर द्रावणांत मीठ किती? १०० ग्रॅम म्हणाल तर फसाल. एक लिटर म्हणजे एक किलो, हें निव्वळ पाण्याला लागू; मिठाच्या पाण्याला नव्हे. ह्या द्रावणाची घनता दर मिलिलिटरास सुमारें १.०७ ग्रॅम. म्हणून लिटरचें वजन १०७० ग्रॅम, व त्यांतील मीठ १०७ ग्रॅम. रीत एवढीच: आकारमानास घनतेनें गुणावें, म्हणजे द्रावणाचें वस्तुमान येतें; त्यास शेंकडा प्रमाणानें गुणून शंभरानें भागावें, म्हणजे द्राव्याचें येतें.

सात ग्रॅम मिठानें लोणचें बिघडत नाहीं. परंतु प्रयोगशाळेंतील तीव्र गंधकाम्ल घ्या. तें वजनानें शेंकडा ९८, घनता १.८४. एका लिटरांत शुद्ध आम्ल सुमारें १८०३ ग्रॅम! घनता विसरणारा ९८० च धरील, आणि त्या हिशेबानें त्यानें पातळ केलेलें आम्ल अपेक्षेहून जवळजवळ दुप्पट तीव्र निघेल. येथें गुणांचा नव्हे, हातांचा व डोळ्यांचा प्रश्न आहे. पातळ करतांनाही आम्ल पाण्यांत हळूहळू ओतावें. पाणी आम्लांत कदापि ओतूं नये.

उलट, रुग्णालयांतील ०.९ टक्के सलाइन पाहा. तेथें शेंकडा आकारमानावर आहे: दर १०० मिलिलिटरांत ०.९ ग्रॅम मीठ, लिटरांत सरळ ९ ग्रॅम. तेथें घनतेनें गुणणें व्यर्थ.

तेव्हां मुलांकडून सूत्र पाठ करवून घेण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं त्यांस एवढेंच विचारावें: ‘बाळ, हा शेंकडा वजनाचा कीं आकारमानाचा?’ ह्याचें उत्तर नीट आलें, कीं पुढला गुणाकार तें आपण होऊन करील.