डिशच्या खालचं काम

राज्य सरकारने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी स्टारलिंकबरोबर उपग्रह इंटरनेटसाठी इरादापत्रावर सही केली. तेव्हापासून आपल्या धंद्यातले दोघे टपरीवर भेटले की एकच विषय निघतो: डीलरशिप कोणाला भेटणार? गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम ही नावं त्या वेळी घेतली गेली. वाशीम तर आपलंच. त्याआधी जूनमध्ये दूरसंचार खात्याचा परवाना आणि जुलैमध्ये इन-स्पेसची मंजुरी कंपनीला मिळाली होती. वनवेब आणि जिओ-एसईएस यांच्याकडे परवाने आधीपासून आहेत. तेव्हा डिश लावणारे हात लागणार, यात शंका नाही. पण ही डिश लावायला फारसं डोकं लागत नाही, आणि ज्या कामाला डोकं लागतं त्याचे पैसे मागायची आपल्याला अजून सवय नाही. या अंकात त्या दुसऱ्या कामाबद्दल बोलायचं आहे.

आधी एक सरळ गोष्ट. आमचं मोझरी अमरावती-नागपूर महामार्गावर आहे. गावातल्या माणसाने उपग्रहाची डिश मागितली तर त्याला स्पष्ट सांगा, बाबा, तुला फायबर पुरेल आणि स्वस्तात पडेल. डिशची खरी गरज आहे ती गावापासून दूर वावरात घर बांधून राहणाऱ्याला आणि धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरातल्या पाड्याला. गिऱ्हाईकाला नको ते विकून आपण दोन महिने खातो, आणि मग दोन वर्षं तोंड लपवून फिरतो.

उपग्रहाचं काम महाराष्ट्राला नवीन नाही. १९७१ साली पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळच्या आर्वीला विक्रम भू-केंद्र सुरू झालं. (वर्धा नदीपलीकडची आपली आर्वी ती ही नव्हे.) तिथली डिश सुमारे ३० मीटर व्यासाची होती. आज तेच काम जेवणाच्या ताटापेक्षा थोडी मोठी चौकोनी पाटी करते, आणि दिशाही स्वतःच शोधते. आपली कसोटी मात्र जुन्या, एका जागी स्थिर दिसणाऱ्या उपग्रहांच्या डिशवर लागते, आणि ग्रामपंचायती व बँकांकडे अजून त्याच आहेत. मोझरीहून जीसॅट-११ धरायचा तर तोंड दक्षिणेला, दहा-अकरा अंश पश्चिमेकडे, आणि उंची सुमारे ६५ अंश. अर्ध्या अंशाची चूक झाली तरी सिग्नल पडतो. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि दीड-दोन फुटांवर काँक्रीट ओतून उभा केलेला पाइप वर्षभरात मान टाकतो. गिऱ्हाईक म्हणतं, कंपनी खराब आहे. खराब असतो तो खड्डा. खाली मुरूम लागेपर्यंत खणा, नाहीतर पाइप घराच्या भिंतीला बांधा.

या डिशची दुसरी अडचण कोणालाच टाळता येत नाही. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर वर आहे. विनंती वर जाऊन खाली येते, उत्तरही तसंच वर जाऊन खाली येतं. प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी यात जवळपास अर्धा सेकंद जातो. सुमारे ५५० किलोमीटरवर फिरणाऱ्या नव्या उपग्रहांमध्ये हा उशीर इतका कमी होतो की बोलताना जाणवत नाही. लोक या एका गोष्टीवर भाळले आहेत, आणि ते बरोबरच आहे. फक्त त्यांना हे कोणी सांगत नाही की कमावलेला तो अर्धा सेकंद घरातलं राउटर परत गमावू शकतं.

आता घरात चला. असं घर तुम्ही रोज बघता. पुढे धाब्याचं जुनं घर, दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, मधे नवीन बांधलेली स्लॅबची खोली, मागे टिनाचा कोठा, आणि चारशे मीटरवर विहीर. डिश स्लॅबवर लागली, राउटर टीव्हीशेजारी ठेवलं. त्या खोलीत वेग झकास. माजघरात आजी व्हिडिओ कॉलवर बसते, तिथे दांडी एकच. कोठ्याच्या टिनावर आपटून लहरी परत येतात, आत शिरत नाहीत. यावर आपल्याकडे ठरलेला इलाज म्हणजे बाजारातून आणखी एक राउटर आणून पहिल्याला जोडणं. आता घरात पत्ते वाटणारे दोन झाले. प्रिंटर एका बाजूला, मोबाइल दुसऱ्या बाजूला, आणि कोणाला कोणी सापडत नाही. दुसऱ्या डब्याचं पत्ते वाटणं बंद करून त्याला नुसतं अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालवायचं, किंवा डिशच्या राउटरला बायपासवर टाकून सगळा कारभार आपल्या राउटरकडे द्यायचा. दोन्हींपैकी एकच करा. पाच मिनिटांचं काम आहे. ते न केल्यामुळे होणाऱ्या फेऱ्यांचं पेट्रोल मोजून बघा.

मातीच्या भिंतीला वायरलेस रिपीटर लावून डोकं फोडू नका. भोक पाडून केबल न्या. कोठ्याकडे किंवा वेगळ्या इमारतीत जायचं असेल तर तांब्याची केबल नकोच. आपल्याकडे विजांचा काय कहर असतो ते सांगायला नको. दोन इमारतींमधली तांब्याची तार म्हणजे एकीकडची वीज दुसरीकडे पोचवायची सोय. तिथे फायबरचा छोटा तुकडा आणि दोन मीडिया कन्व्हर्टर लावा. विहिरीवर ५ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओची जोडी चालते. हा पट्टा २०१८ पासून बिनपरवाना आहे, ठरलेल्या शक्तीच्या आत राहिलात की झालं. चारशे मीटरच्या अंतरावर दोन्ही रेडिओंच्या बरोबर मधे, सरळ रेषेच्या चहूबाजूंनी सव्वादोन मीटर जागा लहरींना लागते, त्यातली निदान दीड मीटर तरी मोकळी पाहिजे. कपाशी आड येत नाही. तूर डोक्यावर गेली आणि संत्र्याचा बगीचा भरला की मात्र खांब कमी पडतो. खांबाची उंची पीक बघून ठरवा, आणि पीक आजचं नको, दिवाळीच्या वेळचं बघा.

खरी गंमत रात्री आठला असते. बाहेर गेलेले सगळे घरी येतात, सगळ्यांचे मोबाइल वायफाय धरतात, आणि दिवसभर काढलेले फोटो न विचारता वर चढायला लागतात. डाउनलोडचा रस्ता रुंद असतो, अपलोडचा अरुंद. तो भरला की राउटर पुढचं सगळं रांगेत थोपवून धरतं. मग कॉल तुटतो, मुलीच्या क्लासमध्ये मास्तर गोठून बसतो, आणि वेग मोजणारं अ‍ॅप म्हणतं की वेग छान आहे. कालव्याचं पाणी सोडलं की वरच्याने मोट्टा पाइप टाकावा आणि टेलच्या शेतकऱ्याने कोरड्या चारीकडे बघत बसावं, तसाच हा प्रकार. पाणी कमी नसतं, पाळी लावलेली नसते. राउटरमध्ये रांग सांभाळणारी सोय असेल तर ती चालू करा, आणि तिथे मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्केच आकडा भरा. वेग सारखा बदलत असेल तर सगळ्यात वाईट वेळेचा आकडा धरा. फोटोंचा बॅकअप रात्री अकरानंतर ठेवा. लॅपटॉपला सांगा की हे कनेक्शन मोजून मिळतं. एवढं केलं तर त्याच डिशवर, त्याच पैशांत, घर सुखाने नांदतं.

कॅमेऱ्यांचं वेगळं सांगावं लागेल, कारण मुलगा पुण्याला असतो आणि त्याला गावचा गोठा मोबाइलवर बघायचा असतो. चार कॅमेरे चोवीस तास क्लाउडवर चढवले तर घरच्यांसाठी काही उरत नाही. रेकॉर्डिंग घरातल्या डब्यातच ठेवा, बाहेर फक्त हलकी प्रतिमा जाऊ द्या, तीही कोणी बघेल तेव्हा. राउटरमध्ये पोर्ट उघडून हे जमणार नाही. एकच बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला तुमचं दार सापडत नाही. रात्र त्यात घालवू नका.

विजेचा हिशोब गिऱ्हाइकासमोर कागदावर करा. डिश आणि राउटर मिळून ७५ वॅट धरले तर दिवसाला १.८ युनिट होतात. १५० अँपिअर-तासांची साधी बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तासांची. प्रत्यक्षात त्यातले हजार निघाले तरी खूप, म्हणजे बारा-तेरा तास. गावठाणाच्या फीडरवर हे भागतं. शेतीच्या फीडरवर वीज आठ तास, तीही कधी रात्रीची, तिथे वेगळं पॅनल लागेलच. रात्री अकरा ते पहाटे पाच डिश बंद ठेवायचा टायमर लावला तर पाऊण दिवसाचाच खर्च उरतो, फक्त मग बॅकअपची वेळ पहाटे पाचनंतर सरकवा. योजनेतल्या सौरपंपाच्या पॅनलला हात लावू नका. तिथला डीसी दाब जीव घेणारा असतो, आणि वॉरंटी जाते ती वेगळी.

इथवर कनेक्शन घरातल्या घरात वाटलं. वाटणीचा दुसरा अर्थ शेजाऱ्याला देणं. एका घरात, एका वावरात कनेक्शन फिरवणं ही घरची बाब. गल्लीत तार ओढून महिन्याला दोनशे रुपये घेणं हा परवान्याचा धंदा, आणि त्या तारेवरून कोणी उद्योग केला तर पोलीस ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्या दारात येतात. गावाला वाटून द्यायचंच असेल तर पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या योजनेची वाट आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. तीत दुकानदाराला परवाना लागत नाही, नोंदणीचं शुल्कही नाही. जून २०२५ मध्ये ट्रायने अशा दुकानदारांसाठी २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबरच्या दरावर लगाम घातला. घरगुती दराच्या दुपटीहून जास्त लावता येत नाही. तो लगाम फायबरपुरता आहे, म्हणून मोझरीसारख्या गावात याचा हिशोब आजच जुळतो. आणि कोणी परदेशातून आणलेली डिश घेऊन आलं तर तिला हात लावू नका. डिसेंबर २०२४ मध्ये मणिपुरात जप्त झालेल्या सामानात तसलं यंत्र सापडलं होतं. त्या भानगडीत वऱ्हाडातल्या मेकॅनिकचं नाव नको.

आता मेळघाट. २०१६ साली हरिसाल ‘डिजिटल गाव’ झालं, मायक्रोसॉफ्टने टीव्हीच्या रिकाम्या लहरींवर इंटरनेट नेलं, आणि २०१९ च्या निवडणुकीत त्याच हरिसालची भर सभेत चिरफाड झाली. राजकारण ज्याचं त्याने बघावं. आपल्यासाठी त्यातला प्रश्न एवढाच, की उद्घाटनानंतर सहाव्या महिन्यात राउटर बंद पडलं तर गावातला कोण उठून बघणार होता? आजही कपाशीची नोंदणी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर, पिकाची नोंद ई-पीक पाहणीवर. गावात एक सुरळीत चालणारं कनेक्शन असलं तर तालुक्याची चक्कर वाचते. धारणीच्या प्रत्येक कामात गावातलं एक पोरगं शिकवून ठेवा. त्याला फ्यूज, केबल आणि रिस्टार्ट एवढं कळलं तरी तुमचे शंभर किलोमीटर वाचतील.

आणि मेळघाटात साग आहे. उन्हाळ्यात साग उघडाबोडका होतो, आभाळ मोकळं दिसतं, मोबाइलवरचं अडथळे दाखवणारं अ‍ॅप सगळं ठीक म्हणतं, आणि आपण एप्रिलमध्ये डिश ठोकून येतो. जुलैत त्याच सागाला ताटाएवढी पानं येतात, वर पाऊस, पानं ओली, आणि फिरता उपग्रह दर थोड्या वेळाने झाडाआड जातो. तेव्हा कोटेशनमध्ये डिशची ओळ वेगळी आणि घरातल्या जाळ्याची ओळ वेगळी लिहा, त्यात अर्थिंग, फायबरचा तुकडा आणि रांगेची सेटिंग नावानिशी घाला. मेळघाटातलं काम असेल तर तिसरी ओळ जुलैच्या फेरीची. तिचे पैसे एप्रिलमध्येच सांगून टाका.