‘हुशार आहे, पण...’

प्रगतिपुस्तकातील शेरा हा आपल्याकडचा सर्वांत दुर्लक्षित गद्यप्रकार असावा. मुदखेडच्या एका परिचित घरात आम्ही नुकताच असा एक शेरा वाचला : ‘हुशार आहे, पण एका जागी बसत नाही.’ मुलगा चौथीत आहे. मुदखेड जंक्शनवरून जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा त्याला मुखोद्गत आहेत. गणिताच्या वहीत मात्र तिसरे उदाहरण अर्ध्यावर सुटलेले. डॉक्टरांनी एडीएचडीचे निदान केले आहे. पाचवीला त्याला कुठे घालावे, यावरून घरात दोन तट पडले आहेत.

वडिलांचा कल लातूरच्या निवासी शाळेकडे आहे. तिथे शिस्त लागेल, असे त्यांना वाटते. लातूर पॅटर्नने मराठवाड्यातील साध्या घरांतली कितीतरी मुले वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत पोचवली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्या पद्धतीचे सारे बळ दीर्घ बैठकीत आणि सरावाच्या पुनरावृत्तीत आहे, आणि या मुलाला नेमके तेच साधत नाही. जे जमत नाही तेच चोवीस तास करायला लावणे, ही शिस्त कशी?

प्रकाश नारायण संतांचा लंपन आपण मराठीचे शिक्षक किती कौतुकाने शिकवतो! त्याला कुठले निदान चिकटवण्याचा आगाऊपणा आम्ही करणार नाही. मात्र त्याचे भरकटणारे मन आपल्याला पुस्तकात मोहवते आणि वर्गातल्या तिसऱ्या बाकावर तेच असह्य होते, एवढे कबूल करायला हरकत नसावी. आईवडिलांपासून दूर ठेवलेल्या त्या मुलाच्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘वनवास’ आहे, हेही ध्यानात ठेवावे. आणि लंपनला निदान आजी-आजोबांचे घर तरी होते.

कायद्याचा आधार तोकडा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. तेव्हा बरेचसे समोरच्या शिक्षकावरच येऊन ठरते.

आईला मुलगा घराजवळच्या जिल्हा परिषद शाळेतच राहावा असे वाटते, आणि आम्ही तिच्या बाजूचे आहोत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे. इथल्या वर्गात त्याहून कमीच मुले आहेत. बाई त्याला पहिल्या बाकावर बसवतात, दहाऐवजी चार उदाहरणे देतात, मधेच उठून वह्या वाटायला लावतात. कोणत्याही माहितीपत्रकात याचा उल्लेख नसतो. शेरा लिहिणाऱ्याही याच बाई. ‘पण’ लिहूनही त्यांनी मुलाला वर्गाबाहेर काढलेले नाही.

“आणि बाईंची बदली झाली तर?” वडिलांनी विचारले. प्रश्न खरा आहे. आम्ही एवढेच म्हणालो, की लातूरला फी भरण्याआधी तिथल्या वर्गात एक दिवस मागे बसून या, आणि पाणी प्यायला मधे उठलेल्या मुलाला काय ऐकावे लागते ते पाहून या.