मालकाची फाईल

जिमी किमेल हे नाव मराठी घरांत फारसे कुणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर रात्री उशिरा लागणाऱ्या गप्पांच्या कार्यक्रमाचा हा सूत्रधार. राष्ट्राध्यक्षांची टिंगल हा त्याचा रोजचा धंदा. २०२५ साली १० सप्टेंबरला युटा राज्यात एका विद्यापीठाच्या आवारात चार्ली कर्क या उजव्या विचारांच्या तरुण वक्त्याची गोळी घालून हत्या झाली. पाच दिवसांनी किमेल आपल्या कार्यक्रमात म्हणाला की, मारेकरी आपल्यातला नाहीच हे दाखवायला ट्रम्पसमर्थकांची धडपड चालली आहे आणि त्यातून ते राजकारण साधत आहेत. तपास चालू असताना केलेले हे विधान बेजबाबदार होते, असे आमचेही मत आहे. आमचे कुतूहल मात्र त्यानंतरच्या ४८ तासांबद्दल आहे.

१७ तारखेला फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचे अध्यक्ष ब्रेंडन कार एका पॉडकास्टवर किमेलबद्दल बोलले. रेडिओ-टीव्ही केंद्रांना परवाने देणारा हा आयोग. हे सोप्या मार्गाने होऊ शकते किंवा अवघड मार्गाने, असा त्यांचा सूर होता. काही तासांत, एबीसीचे कार्यक्रम दाखवणारी अनेक स्थानिक केंद्रे चालवणाऱ्या नेक्सस्टार या कंपनीने जाहीर केले की, आमच्या मालकीच्या केंद्रांवर किमेल दिसणार नाही. मागोमाग सिंक्लेअर कंपनीनेही तेच केले. एबीसीने कार्यक्रम बेमुदत थांबवला. ओरड इतकी झाली की २३ तारखेला तो पुन्हा सुरू झाला. या दोन कंपन्यांनी आणखी तीन दिवस कळ काढून मगच त्याला आपल्या केंद्रांवर घेतले.

यात कुणाचाही परवाना रद्द झाला नाही, कुणाला नोटीस गेली नाही, सुनावणी झाली नाही. घडले होते ते वेगळेच. नेक्सस्टारने ऑगस्टमध्ये टेग्ना ही दुसरी केंद्रकंपनी ६.२ अब्ज डॉलरला घेण्याचा करार केला होता. त्याला मंजुरी हवी होती कार यांच्याच आयोगाची. शिवाय एका कंपनीची केंद्रे देशातल्या ३९ टक्क्यांहून अधिक टीव्ही-घरांपर्यंत पोहोचू नयेत, अशी मर्यादा तिथे आहे. तीही सैल करून हवी होती. कंपनी म्हणते, निर्णय पूर्णपणे आमचा होता. असेलही. ज्याची फाईल साहेबाच्या टेबलावर आहे त्याला साहेबाने वेगळे सांगावे लागत नाही, हे मंत्रालयाच्या पायऱ्या चढलेल्या कुणालाही समजावून द्यायला नको.

अमेरिकेतला वाद मात्र फायलीवर झाला नाही, माणसावर झाला. किमेल चांगला की वाईट, उजव्यांचे स्वातंत्र्य मोठे की डाव्यांचे. कालपर्यंत आविष्कारस्वातंत्र्याच्या नावाने गळा काढणारे ‘जबाबदारी’ची भाषा बोलू लागले आणि कालपर्यंत अमक्याला व्यासपीठ देऊ नका म्हणणारे भाषणस्वातंत्र्य जपणाऱ्या अमेरिकी राज्यघटनेतल्या पहिल्या दुरुस्तीची पारायणे करू लागले. अपवाद थोडे. त्यांतला एक ट्रम्प यांच्याच पक्षाचे सिनेटर टेड क्रूझ. कार यांची भाषा माफियापटातली वाटते, असे ते उघडपणे म्हणाले. उद्या सत्ता गेली की हेच हत्यार आपल्यावर चालेल, ही त्यांची धास्ती.

ही धास्ती अनुभवातून आलेली आहे. १९४९ साली याच आयोगाने ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ आणले. केंद्रांनी सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त प्रश्नांना वेळ द्यावा आणि तो देताना विरोधी बाजूही मांडावी, इतकीच अपेक्षा. प्रसारणलहरी मोजक्या, परवाने मोजके, म्हणून ज्याला परवाना मिळाला त्याने सगळ्यांचे ऐकवावे, हा त्यामागचा तर्क. तो आजही चुकीचा वाटत नाही.

मग १९६४ची निवडणूक आली. पेन्सिल्व्हेनियातल्या रेड लायन या छोट्या गावातल्या रेडिओ केंद्रावरून बिली जेम्स हार्गिस या धर्मोपदेशकाने फ्रेड कुक या पत्रकारावर तोफ डागली. कुक यांनी रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्याविरुद्ध पुस्तक लिहिले होते. उत्तरासाठी त्यांनी फुकट वेळ मागितला, केंद्राने नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६९ साली न्यायालयाने एकमताने कुक यांच्या बाजूने कौल दिला: श्रोत्यांचा हक्क मोठा, केंद्रचालकाचा त्यानंतर. पत्रकारितेच्या वर्गांत हा निकाल आजही आदराने शिकवला जातो.

त्याची दुसरी बाजू सीबीएस वाहिनीच्या वृत्तविभागाचे माजी प्रमुख फ्रेड फ्रेंडली यांनी १९७६च्या आपल्या पुस्तकात उघड केली. कुक यांचे पुस्तक डेमोक्रॅटिक पक्षाच्या मदतीने वाटले गेले होते आणि या नियमाखाली तक्रारींचा मारा करून उजव्या केंद्रांना हैराण करायचे, खर्चाच्या भीतीने त्यांनी गप्प बसावे, हा पक्षातल्या काहींचा रीतसर बेत होता. फ्रेंडली स्वतः उदारमतवादी वर्तुळातले, म्हणून त्यांच्या लिहिण्याला वजन आले.

रिपब्लिकनही मागे नव्हते. नोव्हेंबर १९६९मध्ये उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी डे मॉइन येथे टीव्हीवरच्या भाष्यकारांना झोडपले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे व्हिएतनामवरचे भाषण संपते न संपते तोच न्यूयॉर्क-वॉशिंग्टनमधली मूठभर मंडळी, जिला कुणी निवडून दिलेले नाही, त्याची चिरफाड करायला बसते, ही त्यांची तक्रार. ऐकताना ती अगदीच गैर वाटत नाही, हीच तर पंचाईत. पण वॉटरगेट प्रकरण पेटल्यावर निक्सन आपल्या माणसांशी बोलले ते थेट ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या टीव्ही परवान्यांबद्दल. पुढे फ्लोरिडातल्या त्या कंपनीच्या केंद्रांच्या परवान्यांना आव्हाने दिली गेली. परवाने वाचले. मधल्या काळात मालकाची झोप मात्र उडाली असणार.

१९८७ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळातल्या आयोगाने ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’चा हा नियम काढून टाकला. त्याआधी तो कायद्यात घालण्याचे विधेयक संसदेने मंजूर केले होते. रेगन यांनी नकाराधिकार वापरला. नियम राहावा म्हणणाऱ्यांत न्यूट गिंगरिच आणि फिलिस श्लाफ्ली हे कट्टर उजवे होते. वाहिन्या डाव्यांच्या हातात आहेत, हा नियम नसेल तर आपल्याला कोण विचारणार, असा त्यांचा हिशेब. वर्षभरात, ऑगस्ट १९८८मध्ये, रश लिंबॉ या उजव्या रेडिओ निवेदकाचा कार्यक्रम न्यूयॉर्कहून देशभर सुरू झाला आणि हिशेब उलटला. १९९४मध्ये रिपब्लिकनांनी संसद जिंकली तेव्हा नव्या सदस्यांनी लिंबॉ यांना आपले मानद सदस्य करून घेतले. त्याआधीच, १९९३पासून, नियम परत आणा ही डेमोक्रॅट नेत्यांची मागणी आणि आमचा आवाज दाबता काय हा उजव्यांचा आक्रोश सुरू झाला होता. माणसे तीच, पक्ष तेच. बाके तेवढी बदलली. २००९मध्ये सिनेटने ८७ विरुद्ध ११ मतांनी या नियमाला पुन्हा गाडले. २०११मध्ये आयोगाने नियमपुस्तकातूनही त्याचे नाव पुसले.

साठ वर्षांच्या या धुळवडीत एक कायदा जवळजवळ बिनविरोध मंजूर झाला. १९९६चा दूरसंचार कायदा. प्रतिनिधिगृहात ४१४ विरुद्ध १६, सिनेटमध्ये ९१ विरुद्ध ५, आणि सही क्लिंटन यांची. एका कंपनीने देशभरात ४०हून अधिक रेडिओ केंद्रे बाळगू नयेत, ही मर्यादा त्याने उडवली. थोड्याच वर्षांत क्लिअर चॅनेल या एकाच कंपनीकडे सुमारे १,२०० केंद्रे जमा झाली. लिंबॉ सगळीकडे ऐकू येतात याचे कारण लोकांना ते आवडतात एवढेच नव्हते. शेकडो गावांतली केंद्रे स्वस्तात चालवायची तर एकच आवाज सगळीकडे सोडणे मालकाला परवडत होते. २००७मध्ये दोन डाव्या संस्थांनी पाच बड्या कंपन्यांच्या २५७ केंद्रांची पाहणी केली, तेव्हा आठवड्याच्या कामकाजी दिवसांतल्या राजकीय गप्पांपैकी ९१ टक्के उजव्या निघाल्या. त्याच अहवालात म्हटले होते की, जुना नियम परत आणून उपयोग नाही, प्रश्न मालकीचा आहे. भांडण मात्र जुन्या नियमावरच होत राहिले, कारण ते सोपे होते आणि दोन्ही पक्षांना त्यावर वर्गणी मिळत होती.

मालकीवर लोक एकदाच खऱ्या अर्थाने उठले. जून २००३मध्ये मायकेल पॉवेल यांच्या आयोगाने ३ विरुद्ध २ मतांनी मालकीचे नियम सैल केले. विरोधात कोण कोण उभे राहिले पाहा: बंदूकधारकांची नॅशनल रायफल असोसिएशन आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणारी ‘नाऊ’, रिपब्लिकन ट्रेंट लॉट आणि डेमोक्रॅट बायरन डॉर्गन. फिलाडेल्फियातल्या छोट्या रेडिओवाल्यांच्या ‘प्रोमिथियस’ गटाने कोर्टात धाव घेतली आणि नियम अडवले. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटी आयोगाचीच बाजू उचलून धरली. तोवर २००३मध्ये एकत्र आलेले सगळे आपापल्या तंबूत परतले होते. आमच्या मते २०२५च्या सप्टेंबरची तयारी तेव्हापासूनच होत आली. शेकडो छोट्या मालकांना एका पॉडकास्टवरून धमकावता येत नाही. दोन-तीन मोठ्यांना येते.

आपल्याकडे काय? कागदावर आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. १९९३च्या हिरो कप क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून वाद झाला आणि फेब्रुवारी १९९५मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी निकाल लिहिला: प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियमन स्वायत्त सार्वजनिक यंत्रणेने करावे. ती यंत्रणा तीस वर्षांत कुठल्याही सरकारने उभी केलेली नाही. पुण्या-मुंबईतल्या खासगी एफएमवर दिवसभर गाणी आणि थट्टामस्करी ऐका. स्वतःची बातमी तिथे नाही, आकाशवाणीचे बातमीपत्र तेवढे लावता येते. राजकीय पक्षांनी प्रसारणात शिरू नये, उद्योगसमूहांच्या माध्यममालकीला आवर हवा, अशा शिफारशी दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०१४ साली केल्या; पक्षांबद्दलची शिफारस तर त्याआधी २००८मध्येही होती. दोन वेगवेगळ्या आघाड्यांच्या सरकारांनी त्या सारख्याच आस्थेने कपाटात ठेवल्या. आणि इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६अ? ते आणले एका आघाडीने, डिसेंबर २००८मध्ये, चर्चेविना. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर फेसबुकवरच्या एका पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली तेव्हा देशभर त्याचा गाजावाजा झाला. पुढे न्यायालयात त्या कलमाचा बचाव केला तो दुसऱ्या आघाडीच्या सरकारने. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले, म्हणून विषय संपला.

आपल्या गावगप्पांत मात्र अजून निवेदकच असतात. अमका अँकर विकला गेला, तमका यूट्यूबवाला देशद्रोही. वाहिनी कुणाची, तिच्या मालकाचे बंदर कुठे, खाण कुठे, कर्ज कुणाचे, कोणत्या खात्याकडे त्याचे काय अडले आहे, हे विचारणारा पाहुणा फराळाच्या बैठकीत कंटाळवाणा ठरतो.

दिवाळी अंकांनीही यात सोवळे नेसण्याचे कारण नाही. कागदाचा खर्च वाचकाच्या खिशातून निघत नाही, जाहिरातींतून निघतो. आणि नगरपालिकांच्या निवडणुका तोंडावर असल्या की शुभेच्छुकांच्या रंगीत पानांना भरते येते. या अंकातही अशी पाने आहेत. ती कुणाची, हे वाचकांना उघड दिसेलच. संपादकीय मजकूर आणि जाहिरात यांच्यात आम्ही भिंत ठेवतो, हे आमचे म्हणणे. नेक्सस्टारचेही तेच होते.

म्हणून या अंकातल्या परिसंवादात आम्ही वाहिन्यांतल्या, वर्तमानपत्रांतल्या आणि त्याबाहेर पडून स्वतःचा कॅमेरा घेतलेल्या पत्रकारांना एकच प्रश्न विचारला: तुमच्या मालकाचे सरकारकडे नेमके काय अडकले आहे, आणि त्याचा तुमच्या कामावर कधी परिणाम झाला का? काहींनी पानेच्या पाने लिहिली. काहींनी नाव न छापण्याच्या अटीवर लिहिले. काही उत्तरांतले निष्कर्ष आम्हाला मुळीच पटलेले नाहीत. ती कात्री न लावता घेतली आहेत. ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांची यादी छापावी, अशी एका सहकाऱ्याची सूचना होती. ती आम्ही मान्य केली नाही. नोकरी त्यांची आहे, आमची नाही.