विश्लेषण : स्पॉटिंग स्कोपच्या ‘प्रीमियम’ काचेसाठी लाखो रुपये मोजावेत का?

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गाव भालचंद्र गणेशाच्या देवस्थानामुळे परिचित आहे. मांजरसुंबा-पाटोदा रस्त्यावरचे हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत वसले आहे. मोरांसाठी १९९४ मध्ये घोषित झालेले नायगाव मयूर अभयारण्यही याच पट्ट्यात, पाटोदा तालुक्यात येते. मोरांपासून सुरू झालेला पक्षीनिरीक्षणाचा छंद पुढे बिंदुसरा, माजलगाव आणि जायकवाडीच्या पाणपक्ष्यांपर्यंत पोहोचला, की हातातील दुर्बीण अपुरी पडू लागते आणि ‘स्पॉटिंग स्कोप’चा शोध सुरू होतो. ऑनलाइन बाजारात एक स्कोप पंधरा-वीस हजारांना मिळतो, तर दुसरा तीन-चार लाखांच्या घरात असतो. दोन्हींवर ‘२० ते ६० पट’ असेच छापलेले असते. मग फरक कशाचा? आणि तो इतक्या पैशांचा आहे का?

स्पॉटिंग स्कोप लागतो कुणाला?

स्पॉटिंग स्कोप म्हणजे तिपाईवर लावून एका डोळ्याने पाहायची दुर्बीण. दोन डोळ्यांची नेहमीची दुर्बीण बहुधा ८ किंवा १० पट मोठे दाखवते, तर स्कोप साधारण २० ते ६० पट. खगोल दुर्बिणीत उलटी दिसणारी प्रतिमा यात लोलकांच्या साहाय्याने सरळ केलेली असते.

मोर पाहण्यासाठी स्कोपची गरज नाही, हे आधी स्पष्ट करायला हवे. मोर हा मोठा पक्षी आहे. पहाटे झाडावरून उतरणारा किंवा पावसाळ्याच्या तोंडावर पिसारा फुलवणारा मोर दोनशे मीटरवरूनही ८ पट दुर्बिणीत व्यवस्थित दिसतो. स्कोप लागतो तो उघड्या पाण्यावर. जलाशयात पक्षी दूर असतात आणि त्यांच्याकडे चालत गेले की अख्खा थवा उडतो. हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्यांना वारंवार उठवणे म्हणजे त्यांच्या खाण्याचा वेळ आणि साठवलेली ताकद वाया घालवणे. त्यांना न उठवता पाहायचे तर लांबूनच पाहावे लागते.

मोबाइलमध्ये १०० पट झूम असताना हे कशाला?

मोबाइलच्या जाहिरातीतील १०० पट झूममध्ये भिंगाचा वाटा थोडा असतो. उरलेले काम सॉफ्टवेअर करते : आहे तेच चित्र ताणून मोठे केले जाते आणि रिकाम्या जागा अंदाजाने भरल्या जातात. मोबाइलच्या कॅमेऱ्याचे भिंग काही मिलिमीटरचे, तर स्कोपचे पुढचे भिंग ६० ते ८५ मिलिमीटर व्यासाचे असते. जेवढे भिंग मोठे तेवढा प्रकाश जास्त आणि तेवढा बारीक तपशील वेगळा दिसतो. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, तो सॉफ्टवेअरला ओलांडता येत नाही. मात्र दोन्ही एकत्र वापरता येतात. स्कोपच्या नेत्रिकेला अडॅप्टरने मोबाइल जोडून छायाचित्र काढणे, म्हणजेच ‘डिजिस्कोपिंग’, ही नोंदीसाठी पुरावा ठेवण्याची स्वस्त पद्धत आहे.

‘प्रीमियम’ काच म्हणजे नेमके काय?

साध्या काचेच्या भिंगातून जाताना निळा आणि लाल प्रकाश एकाच बिंदूवर जमत नाही. त्यामुळे उजळ आकाशापुढच्या काळ्या फांदीच्या कडेला जांभळट किंवा हिरवट रेघ दिसते. याला रंगदोष म्हणतात. जर्मनीतील येना येथे अर्न्स्ट आबे, ओटो शॉट आणि कार्ल त्साइस यांच्या एकत्र कामातून या दोषावर पहिले मोठे उत्तर मिळाले. १८८४ मध्ये तिथे नव्या प्रकारच्या काचेसाठी प्रयोगशाळा उभी राहिली आणि १८८६ मध्ये आबे यांनी फ्लोराइट या खनिजाचा वापर करून सूक्ष्मदर्शकाची रंगदोष जवळपास घालवणारी भिंगे तयार केली. आजची ‘ईडी’ काच, म्हणजे प्रकाशाचे रंग कमी फाकवणारी काच, याच विचाराचा पुढचा टप्पा आहे. काही जपानी स्कोपमध्ये आजही फ्लोराइट स्फटिकाचे भिंग असते.

काचेइतकेच महत्त्व तिच्यावरील लेपाला असते. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये असे वीस पृष्ठभाग धरले तर पुढून शिरलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४४ टक्के डोळ्यापर्यंत पोहोचेल. चांगल्या बहुपदरी लेपाने हीच गळती प्रत्येक पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्यावर आणली, तर ९० टक्के प्रकाश पोहोचतो. म्हणून ‘फुली मल्टिकोटेड’ हे शब्द पाहावेत. ‘एचडी’ या अक्षरांना मात्र दुर्बिणींच्या बाजारात कोणतेही ठरलेले मोजमाप नाही. प्रत्येक कंपनी ती आपापल्या अर्थाने छापते.

जास्त पैसे दिले की जास्त उजेड मिळतो?

थोडा मिळतो, पण अनेकांना वाटते तेवढा नाही. समजा, मधल्या किमतीचा स्कोप ८० टक्के प्रकाश पोहोचवतो आणि अव्वल स्कोप ९० टक्के. फरक झाला आठव्या हिश्शाचा. याउलट ६५ मिलिमीटरऐवजी ८५ मिलिमीटरचे भिंग घेतले तर प्रकाश सुमारे ७१ टक्क्यांनी वाढतो, कारण तो व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात गोळा होतो. उजेडच हवा असेल तर नाव मोठे घेण्याआधी भिंग मोठे घ्यावे.

तरीही ६० पटीवर अडचण राहतेच. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते. ६५ मिलिमीटरच्या स्कोपमध्ये २० पटीला ती सव्वातीन मिलिमीटर असते, ६० पटीला जेमतेम एक. पहाटे-संध्याकाळी डोळ्याची बाहुली पाच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडलेली असते. अशा वेळी ६० पटीवर चित्र अंधारेच दिसणार, मग काच कितीही महाग असो.

मग खरा फरक कुठे दिसतो?

छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा हे चिमणीएवढे दोन पाणथळ पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे येतात. दूरून दोघे सारखेच वाटतात. ओळखीची एक मोठी खूण म्हणजे पाय. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर-हिरवट. या पायाची जाडी दीड-दोन मिलिमीटर. ६५ मिलिमीटर भिंगाची तपशील वेगळा दाखवण्याची सैद्धांतिक मर्यादा दोनशे मीटर अंतरावर साधारण तेवढीच येते.

म्हणजे येथे परीक्षा काठावरची आहे. उत्तम काच या मर्यादेजवळ पोहोचते. स्वस्त काच बरीच आधी थांबते आणि वर पायाच्या कडेला स्वतःचा खोटा रंग चढवते. ज्या खुणेवर ओळख अवलंबून आहे, तीच खूण पुसली जाते. पट्टकादंबांच्या गळ्यात संशोधकांनी घातलेल्या पट्ट्यावरची अक्षरे वाचतानाही हेच घडते. एक अक्षर चुकले तर तो पक्षी कुठून आला याची नोंदच चुकते. १९८७ पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना स्वयंसेवकांच्या डोळ्यांवर उभी आहे. तिथे काचेचा दर्जा म्हणजे नोंदीचा दर्जा.

मराठवाड्याच्या उन्हात ही काच किती वेळ कामाची?

जाहिराती हा मुद्दा सांगत नाहीत. दुपारी डांबरी रस्त्यावर लांब पाणी साचल्यासारखे दिसते. तापलेल्या जमिनीलगतची हवा प्रकाश वाकवते, म्हणून हा भास होतो. हीच हवा स्कोपमधील चित्र थरथरवते, आणि पट जितकी जास्त तितकी थरथरही मोठी होते. बालाघाटाच्या उघड्या माळावर उन्हाळ्यात सूर्य वर आल्यावर लवकरच ४० पटीच्या पुढे पाहण्यात अर्थ उरत नाही. जलाशयाच्या तापलेल्या काठावर हिवाळ्यातही दुपारी तेच होते.

अशा वेळी तीन लाखांचा स्कोप आणि पन्नास हजारांचा स्कोप यांत फरक शोधावा लागतो, कारण दोघांच्याही पुढे तीच उकळती हवा असते. महाग काचेचा पुरेपूर फायदा सकाळचे पहिले दोन-तीन तास आणि ढगाळ दिवस एवढ्यापुरताच मिळतो. त्या वेळेत जो नियमित मैदानात नसतो, त्याने भरलेले जास्तीचे पैसे बहुतांश पिशवीतच राहतात.

प्रीमियम स्कोप कुणी घ्यावा?

नियमित गणना करणारे, पट्टे आणि कड्या वाचणारे, रोज पाहुण्यांना पक्षी दाखवून उपजीविका करणारे मार्गदर्शक आणि वर्षातील शंभर सकाळी पाण्यावर घालवणारे अभ्यासक यांना तो फळतो. तासन् तास पाहताना स्वच्छ प्रतिमेमुळे डोळा कमी शिणतो, हा फायदाही खरा आहे.

बाकीच्यांसाठी मधला मार्ग पुरेसा आहे : ६५ मिलिमीटरच्या आसपासचा, ईडी काचेचा, पाणी व धूळ आत न जाणारा स्कोप. साध्या काचेवरून ईडीवर जाताना चित्रात पडणारा फरक नवख्यालाही दिसतो. चांगल्या ईडी स्कोपवरून अव्वल युरोपीय स्कोपवर जाताना पडणारा फरक पाहायला सरावलेला डोळा आणि शांत हवा, दोन्ही लागतात. पहिल्या पायरीवरचा रुपया जास्त काम करतो.

वाचलेल्या पैशांतून तिपाई चांगली घ्यावी. ३० पटीवर हाताचा किंचित धक्काही ३० पट मोठा दिसतो. माळावरच्या वाऱ्यात हलक्या तिपाईवरचा महागडा स्कोप भक्कम तिपाईवरच्या साध्या स्कोपपुढे हरतो.

घेण्यापूर्वी काय तपासावे?

शक्य असेल तर तोच नग हाताळून घ्यावा. एकाच मॉडेलच्या दोन नगांत, विशेषतः स्वस्त गटात, फरक असू शकतो. ऑनलाइन घेतल्यास परत करण्याच्या मुदतीतच पुढील चाचण्या कराव्यात.

• उजळ आकाशापुढची विजेची तार पाहावी. कडेला जांभळी रेघ किती जाड आहे, ते कळते. रात्री चंद्राची कडही हेच सांगते.
• तीस-चाळीस मीटरवर वर्तमानपत्र टांगून सर्वाधिक पटीवर वाचावे. अक्षरे मोठी झाली पण धूसरही झाली, तर ती पट केवळ छापण्यापुरती आहे.
• चष्मा असल्यास तो लावूनच पाहावे. पूर्ण गोल दिसला पाहिजे.
• गटाने वापरायचा असेल तर वाकड्या नेत्रिकेचा स्कोप घ्यावा. तिपाई एकाच उंचीवर ठेवून मुले आणि मोठी माणसे, दोघांनाही पाहता येते.
• सकाळी किंवा संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर लगेच, एकदा तरी पाहावे.

स्कोपमधून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये. डोळा कायमचा जाऊ शकतो.

गावासाठी शहाणपणाचा खर्च कोणता?

सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात माळढोकसाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. तिथला माळढोक आज दिसेनासा होत चालला आहे. पक्षी नजरेआड होण्याआधी त्याच्याकडे पाहणारे डोळे आसपासच्या गावांत तयार व्हावे लागतात आणि ते डोळे एका महागड्या स्कोपने तयार होत नाहीत.

हिशेब सोपा आहे. साठ हजारांचा ईडी स्कोप तिपाईसह आणि प्रत्येकी दहा हजारांच्या दहा दुर्बिणी धरल्या, तरी खर्च एक लाख साठ हजार होतो. अव्वल स्कोपच्या किमतीच्या जेमतेम निम्मा. दुष्काळाशी झगडणाऱ्या आणि ऊसतोडीसाठी दरवर्षी गाव सोडावे लागणाऱ्या जिल्ह्यात हा फरक किरकोळ नाही. शाळा, महाविद्यालय किंवा पक्षीमित्रांचा गट यांनी असा संच सामाईक ठेवला, तर लिंबागणेशच्या मुलांना नायगावचा मोर आणि बिंदुसरेवरचा टिलवा दोन्ही ओळखता येतील. त्यांच्यातील कुणी गणनेत रमले, पट्टे वाचू लागले, की मग संस्थेने प्रीमियम स्कोपचा विचार करावा. तोपर्यंत ती काच दुकानात राहिली तरी पक्ष्यांचे आणि पाहणाऱ्यांचे फारसे काही बिघडत नाही.