प्लाझा आणि मॅजेस्टिक

2020 साली इस्राएल व संयुक्त अरब अमिराती यांच्यात करार झाला, तेल अवीवहून दुबईस विमाने जाऊ लागली आणि आपल्यातील अनेक कुटुंबे तिकडे फिरून आली. वाचकहो, आम्हीही गेलो. बर दुबईत टॅक्सीचालकाने आम्हांस अल घुबैबा बसस्थानकापाशी उतरविले आणि म्हणाला, "हे प्लाझा." समोर पाहिले, तर प्लाझा कोठेच नव्हता! चौकशीअंती कळले की येथे त्या नावाचे चित्रपटगृह होते. हिंदी व मलयाळी बोलपट पाहावयास सुटीच्या दिवशी मजूर मंडळी लोटत. पुढे त्याचे नाव 'गोल्डन' झाले आणि अखेर इमारतही गेली. लोकांच्या तोंडी मात्र 'प्लाझा'च राहिले.

आम्हांस गिरगावचे मॅजेस्टिक आठवले. 14 मार्च 1931 रोजी आर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा', भारताचा पहिला बोलपट, तेथेच प्रथम झळकला. गर्दी आवरण्यास पोलीस बोलवावे लागले. आमचे आजोबा त्या गर्दीत होते. "रांग कसली, नुसती रेटारेटी!" असे ते सांगत. चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात पाच रुपयांस गेले. नायक मास्टर विठ्ठल मराठी, नायिका झुबेदा मुसलमान, निर्माता पारशी. आणि ज्या नाटकावरून कथा घेतली ते जोसेफ डेव्हिड पेणकर यांचे, म्हणजे आपल्या बेने इस्राएल समाजातील गृहस्थाचे. (नायकास संवाद नीट जमत नसत, म्हणून त्यास बराच वेळ मूर्च्छित दाखविले, असे म्हणतात. शिक्षक या नात्याने आम्हांस ही युक्ती मोठी सोयीची वाटते.)

डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांचे नाव आपल्या घराघरांत आहे. 'बूट पॉलिश'मधील त्यांचा जॉन चाचा कोण विसरेल? पण पेणकरांचे नाव आमच्या वर्गातील एकाही बेने इस्राएल मुलास ठाऊक नव्हते. दोष मुलांचा नाही. आम्हीच कधी सांगितले नव्हते.

मॅजेस्टिक 1970 च्या दशकात पाडले गेले. त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आले. केशवराव कोठावळे यांच्या 'मॅजेस्टिक'मुळे ते नाव मराठी पुस्तकांवरही आढळते. परंतु 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. म्हणजे थिएटर नाही आणि बोलपटही नाही. उरली ती छायाचित्रे, जाहिराती आणि ज्यांनी पाहिले त्यांनी घरी सांगितलेल्या गोष्टी.

आमच्या आजोबांनी सांगितलेले वर दिले आहे. त्याहून अधिक विचारावयाचे आम्हांस सुचले नाही. लोद, अश्दोद, दिमोना येथील ज्या वाचकांच्या घरी मॅजेस्टिकची वा पेणकरांची एखादी आठवण कोणी सांगितली असेल, त्यांनी ती, चार ओळी का होईना, मराठीत लिहून आमच्याकडे धाडावी. अक्षर कसेही असो, आम्ही लावून घेऊ.