शब्दांचे कुळ आणि मूळ : ‘ट्रॅम्पल’

उभ्या पिकात गुरे शिरली आणि पाहता पाहता ताटे जमिनीशी आडवी झाली, तर इंग्रजी भाषक त्या कृतीला ‘ट्रॅम्पल’ म्हणतो. जड पावलांनी तुडवणे, पायाखाली चिरडणे हा या क्रियापदाचा अर्थ. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून ते इंग्रजीत आढळते.

त्याचे मूळ ‘ट्रॅम्प’ म्हणजे पाय आपटत चालणे. या शब्दाचा सख्खा भाऊ ‘ट्राम्पेन’ हा मध्ययुगीन निम्न जर्मन भाषेत सापडतो. ल्यूबेक, हॅम्बुर्ग या बंदरांतील हान्सा संघाच्या व्यापाऱ्यांची ही व्यवहारभाषा. ‘ट्रॅम्प’ला शेवटी जो ‘ल’कार जोडला गेला, त्यात खरी मौज आहे. जुन्या इंग्रजीत हा प्रत्यय क्रियेची पुनरावृत्ती दाखवी. ‘स्पार्क’ म्हणजे ठिणगी. ठिणग्यांसारखे सतत चमकत राहणे म्हणजे ‘स्पार्कल’. मराठी हेच काम शब्द दुहेरी करून साधते : फडफडणे, खळखळणे, थरथरणे. तेव्हा ‘ट्रॅम्पल’मध्ये एका पावलाचा आघात नाही, पावलामागून पाऊल पडत राहणे आहे.

मूळ ‘ट्रॅम्प’ मात्र निराळ्याच वाटेने गेला. सतराव्या शतकात तो गावोगाव पायी भटकणाऱ्या निराश्रितासाठी रूढ झाला. चार्ली चॅप्लिनने 1915 मध्ये ‘द ट्रॅम्प’ हा चित्रपट काढून त्याला जगभर ओळख दिली. व्यापारी वाचकांना त्याचा आणखी एक वंशज परिचित असेल. ठरावीक मार्ग वा वेळापत्रक नसलेले, जिथे माल आणि भाडे मिळेल तिथे जाणारे जहाज म्हणजे ‘ट्रॅम्प’. नियमित फेऱ्या करणाऱ्या ‘लायनर’हून ते वेगळे.

मराठीत ‘ट्रॅम्पल’चे काम ‘तुडवणे’ करतेच, पण हक्क तुडवले जातात तेव्हा ‘पायमल्ली’ हा शब्द पुढे येतो. तो फारसीतील ‘पायमाल’वरून आला : पायाखाली रगडलेले. दोन दूरच्या भाषांनी पीक आणि हक्क या दोहोंना एकाच पायाखाली पाहावे, हे विलक्षणच.

याहून जवळचा शब्द ‘आक्रमण’. आज तो उच्चारताच फौजा डोळ्यांसमोर येतात. परंतु ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे. ‘आक्रमण’ म्हणजे मुळात एखाद्या गोष्टीवर पाऊल पडणे. सामायिकापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या इरियावहियं सूत्रात याच शब्दाचे प्राकृत रूप ‘अक्कमण’ तीन वेळा येते : प्राणी, बीज आणि हिरवी वनस्पती यांना जोडून. आजच्या ‘आक्रमणा’चा अर्थ मनात ठेवून ते वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. तिथे चढाई नाही, वैर नाही, जड पाऊल असण्याचीही अट नाही. ‘ट्रॅम्पल’ला भार लागतो आणि पुनरावृत्ती लागते, ‘अक्कमण’ला दुकानातून घरी जाताना नकळत पडलेले एक हलके पाऊलही पुरते.